लहान उपग्रह: दहा सेंटिमीटरच्या डब्यात मावतं तरी काय?

ध्रुवमत्स्य

लहान उपग्रहांच्या बातम्या बहुतेक वेळा मोजदादीच्या असतात. १५ फेब्रुवारी २०१७ ला पीएसएलव्ही-सी३७ ने एका उड्डाणात १०४ उपग्रह सोडले. जानेवारी २०२१ मध्ये स्पेसएक्सच्या ट्रान्सपोर्टर-१ ने १४३ सोडले. टाळ्या होतात आणि विषय तिथेच संपतो. ते उपग्रह वर जाऊन करतात काय, हे मराठीत फारसं कुणी लिहीत नाही. मला या विषयाचं मनापासून वेड आहे, म्हणून धागा काढतोय. जाणकारांनी भर घालावी.

आधी वजनाचा हिशोब. साधारण ५०० किलोच्या आतला तो लहान उपग्रह. त्यातले १० ते १०० किलोंचे मायक्रो, १ ते १० किलोंचे नॅनो, किलोच्या आतले पिको.

तसे सुरुवातीचे उपग्रह लहानच होते. स्पुटनिक-१ होता ८३.६ किलोंचा. मार्च १९५८ मधला अमेरिकेचा व्हॅनगार्ड-१ दीड किलोसुद्धा भरत नव्हता, आणि सौर घटांवर चालणारा तो पहिला उपग्रह. पुढे रॉकेटं मोठी झाली तशी उपग्रहांची वजनं टनांत गेली, बांधायला दहा-दहा वर्षं लागू लागली. इतका वेळ आणि पैसा ओतलेली वस्तू बिघडून चालत नाही, म्हणून चाचण्या वाढल्या, चाचण्यांमुळे खर्च वाढला, आणि खर्चामुळे धोका पत्करायची तयारी आणखी कमी झाली.

१९९९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कॅल पॉली विद्यापीठाचे जॉर्डी पुइग-सुआरी आणि स्टॅनफर्डचे बॉब ट्विग्ज यांनी क्यूबसॅटची मापं ठरवली: १० सेंटिमीटरचा घन, वजन सुमारे एक किलो. याला 'एक यू' म्हणतात. तीन घन एकावर एक रचले की तीन यू, मग सहा, बारा. विद्यार्थ्याला शिक्षण संपायच्या आत स्वतःचा उपग्रह उडालेला बघता यावा, एवढाच मूळ हेतू होता. पण त्यांनी उपग्रहाबरोबर त्याला सोडणारी स्प्रिंगची पेटीही बनवली, आणि मला ती घनापेक्षा महत्त्वाची वाटते. रॉकेटवाल्यांनी पेटी तपासली की झालं. आतला उपग्रह कुणाचा, कसला, याची त्यांना फारशी काळजी करावी लागत नाही. मुख्य उपग्रहाला धक्का लागणार नाही याची हमी पेटी देते.

आता माझा मुद्दा. लहान उपग्रह स्वस्त पडतात म्हणून चालतात, असं सगळे म्हणतात. मला त्याहून मोठं वाटतं ते त्यांचं वारंवार येणं. जमिनीचे फोटो काढणाऱ्या अमेरिकेच्या लँडसॅट मालिकेतला एक उपग्रह त्याच जमिनीवर १६ दिवसांनी परत येतो. त्या दिवशी ढग असले की आणखी १६ दिवस थांबा. तोवर पूर ओसरलेला असतो, जंगल जळून गेलेलं असतं. सी३७ वरच्या १०४ पैकी ८८ उपग्रह प्लॅनेट या कंपनीचे 'डव्ह' होते, प्रत्येक तीन यूचा. असे शंभरच्या वर उपग्रह एकाच कक्षेत एकामागोमाग फिरत ठेवले की खाली पृथ्वी आपोआप सरकत राहते आणि रोज जवळजवळ सगळी जमीन टिपली जाते. चित्र लँडसॅटइतकं काटेकोर नसेल, पण कालचं आणि आजचं दोन्ही हातात असतं.

---

खडूफळा

धागा आवडला. मी भौतिकशास्त्र शिकवते, त्यामुळे एक गोष्ट आधीच मांडून ठेवते: काही मर्यादा तंत्रज्ञान सुधारलं तरी हलत नाहीत.

पहिली भिंगाची. प्रकाशाची तरंगलांबी ५५० नॅनोमीटर धरा, भिंगाचा व्यास १० सेंटिमीटर, उंची ५०० किमी. विवर्तनाच्या, म्हणजे भिंगातून जाताना प्रकाश पसरण्याच्या सूत्रानं जमिनीवरच्या दोन बिंदूंमधलं ओळखता येण्याजोगं किमान अंतर सुमारे ३.४ मीटर येतं. कॅमेऱ्यात कितीही मेगापिक्सेल कोंबा, या भिंगातून रस्त्यावरचा माणूस दिसणार नाही. अर्ध्या मीटरची वस्तू बघायची तर पाऊण मीटरच्या आसपास व्यासाचा आरसा हवा, आणि तो या डब्यात मावत नाही.

दुसरी विजेची. पृथ्वीजवळ दर चौरस मीटरला सुमारे १,३६० वॅट सूर्यप्रकाश मिळतो. एक यूच्या एका बाजूवर म्हणजे १३.६ वॅट. उत्तम सौर घट त्यातले ३० टक्के वीज करतात, म्हणजे ४ वॅट, तेही ऊन सरळ पडलं तर. प्रदक्षिणेचा तिसरा हिस्सा बहुधा सावलीत जातो. सरासरी दोन-अडीच वॅट हातात राहतात. मोबाइलचा साधा चार्जरसुद्धा याच्या दुप्पट देतो. त्यात संगणक, रेडिओ, दिशा सांभाळणं आणि पेलोड (म्हणजे मुख्य कामाचं उपकरण), सगळं बसवायचं.

म्हणून 'मोठ्या उपग्रहांचे दिवस भरले' असं कुणी लिहिलं की मला पटत नाही.

---

ध्रुवमत्स्य

@खडूफळा, हिशोब अगदी नेमका. हे असं कुठल्याच बातमीत येत नाही. मोठ्यांचे दिवस भरलेत असं मलाही वाटत नाही. फक्त फोटो काढणं हा उपयोगांचा एक तुकडा झाला, आणि बाकीच्या पुष्कळ कामांना मोठं भिंग लागतच नाही.

स्पायर कंपनीचे बरेचसे उपग्रह तीन यूचे आहेत, आणि ते फोटो काढत नाहीत, ऐकतात. जहाजं आपली ओळख, जागा आणि वेग रेडिओवरून सतत सांगत असतात. किनाऱ्यावरून क्षितिजापलीकडचं ऐकू येत नाही, ५०० किमीवरून मात्र भर समुद्रातलं जहाज ऐकू येतं. विमानांचंही तसंच.

दुसरं उदाहरण मिथेनचं. जीएचजीसॅट या कॅनडाच्या कंपनीचा 'क्लेअर' हा पहिला उपग्रह जून २०१६ मध्ये पीएसएलव्ही-सी३४ वरून गेला. वजन १५ किलोंच्या आसपास. जमिनीवरून परत येणाऱ्या अवरक्त प्रकाशातल्या ठरावीक छटा मिथेन शोषतो. त्या किती कमी झाल्या हे मोजून कुठल्या विहिरीतून, कुठल्या पाइपातून गळती होते हे सांगता येतं. मोठे उपग्रह अख्ख्या प्रदेशाचं मिथेन मोजतात, हा एका ठिकाणावर बोट ठेवतो. मोठ्यानं प्रदेश दाखवायचा, लहानानं जागा शोधायची, अशी जोडी जमते.

रडारचं तर मला अजून नवल वाटतं. रडार म्हणजे विजेचा खादाड आणि अँटेना लांबलचक, त्यामुळे ते मोठ्या उपग्रहाचंच काम असं पक्कं मानलं जायचं. फिनलंडच्या आइसआयनं जानेवारी २०१८ मध्ये पीएसएलव्ही-सी४० वरून १०० किलोंच्या आतला रडार उपग्रह पाठवला आणि तो चालला. रडार सतत चालू ठेवायचं नाही, थोडी मिनिटं टिपायचं आणि मग बॅटरी भरत राहायचं, ही युक्ती. ढग असोत की रात्र, पाणी कुठवर चढलंय ते दिसतं.

---

अवकाळी

हवामानाबद्दल मी भर घालतो, माझ्या आवडीचा भाग आहे.

जीपीएसचे उपग्रह आपल्याला जागा सांगायला संदेश पाठवतात. तोच संदेश वातावरण तिरकस कापून पलीकडच्या लहान उपग्रहापर्यंत पोचला तर वाटेत किंचित वाकतो. किती वाकला यावरून त्या थरातलं तापमान, दाब आणि बाष्प काढता येतं. उपग्रहावर लागतो तो चांगला ग्राहक आणि अचूक घड्याळ. जिथे हवामान मोजणारा एकही फुगा सोडला जात नाही त्या महासागरांवरची उभी नोंद अशी फुकटात हाती लागते. २०२० मध्ये विमानं जमिनीवर बसली आणि विमानांकडून येणारी हवामानाची निरीक्षणं आटली, तेव्हा युरोपच्या हवामान अंदाज केंद्रानं स्पायरची ही निरीक्षणं वापरली.

दुसरं म्हणजे नासाची ट्रॉपिक्स मोहीम. चक्रीवादळाच्या पोटातलं तापमान आणि बाष्प सूक्ष्मलहरींनी मोजणारे तीन यूचे उपग्रह. ध्रुवीय कक्षेतला मोठा उपग्रह एका वादळावरून दिवसातून एक-दोनदा जातो, आणि वादळ तर काही तासांत रूप पालटतं. ट्रॉपिक्सचा हेतू साधारण तासाला एक नजर टाकण्याचा. जून २०२२ मध्ये पहिली जोडी रॉकेटच्या अपयशात गेली. उरलेले चार मे २०२३ मध्ये इलेक्ट्रॉन रॉकेटच्या दोन उड्डाणांनी वर गेले आणि मोहीम चालू झाली. एकच मोठा उपग्रह असता तर सगळं त्याच दिवशी बुडालं असतं. ध्रुवमत्स्य, तुमच्या 'वारंवार येण्या'च्या जोडीला हेही लिहून ठेवा.

---

पाणकणीस

वाचतेय. छान चालू आहे चर्चा.

एक शंका. एवढे शेकडो डबे वर सोडायचे, ते दोन-चार वर्षांत बंद पडणार. मग त्या कचऱ्याचं काय? अवकाश काही रिकामं मैदान नाही.

---

सोल्डरगन

कचऱ्याचं कुणीतरी सविस्तर लिहाच. मी विद्यार्थी उपग्रहाच्या चमूत होते, तिथलं सांगते.

पेटीतून बाहेर पडेपर्यंत उपग्रह पूर्ण बंद असतो. कडेला दाबलेला स्विच सुटला की वीज चालू होते. त्यानंतर ३० मिनिटं काहीही उघडायचं नाही असा क्यूबसॅटचा नियम आहे, शेजाऱ्याला धक्का लागू नये म्हणून. मग अँटेना. ती बऱ्याचदा सुताराच्या मेजर टेपसारख्या स्टीलच्या पट्टीची असते, गुंडाळून नायलॉनच्या दोऱ्यानं बांधलेली. दोऱ्याला चिकटून एक बारीक तार असते, तिच्यातून वीज सोडली की ती तापते, दोरा वितळतो, पट्टी ताडकन सरळ होते. हा दोरा वितळला नाही तर आतलं सगळं ठणठणीत असूनही उपग्रह मुका. आमच्या चमूत सगळ्यात जास्त झोप उडवलेली गोष्ट पेलोड नव्हती, हा दोरा होता. थंडीत, निर्वातात, अर्ध्या भरलेल्या बॅटरीवर, अशा सगळ्या अवस्थांत तो वितळतो का हे पुन्हा पुन्हा बघत होतो.

दुसरं संगणकाचं. बाजारात मिळणाऱ्या चिप वापरतात आणि त्यांना किरणोत्साराची सवय नसते. एखादा वेगवान कण स्मृतीतला एक बिट उलटा करून जातो, प्रोग्रॅम अडकतो. म्हणून 'वॉचडॉग' ठेवतात: मुख्य संगणकानं ठरलेल्या वेळात हाक दिली नाही की तो सरळ वीज तोडून पुन्हा चालू करतो. दक्षिण अटलांटिकवर पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र कमजोर आहे, तिथून जाताना असे झटके जास्त बसतात.

दिशा सांभाळायचं मात्र अगदी साध्या मार्गानंही जमतं. पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी कॉलेजचा 'स्वयम्' हा एक किलोचा उपग्रह, ज्या सी३४ वर क्लेअर होता त्याच रॉकेटवरून गेला. त्यात दिशेसाठी विजेवर चालणारं काहीच नव्हतं. आत ठेवलेला चुंबक पृथ्वीच्या क्षेत्राशी जुळवून घेतो आणि खास धातूच्या कांड्या डोलणं शोषून घेतात. वीज शून्य. मला हा विचार फार सुंदर वाटतो.

विद्यार्थ्यांचे उपग्रह पुष्कळदा एकही संदेश न पाठवता गप्प होतात, हे खरं आहे. त्यावरून 'पैशाची नासाडी' म्हणणाऱ्यांनी त्या चमूतली मुलं पुढे कुठे काम करतात ते बघावं, एवढंच म्हणेन.

---

बिनतारी

हौशी रेडिओवाल्यांचा उल्लेख अजून आला नाही म्हणून लिहितो. १२ डिसेंबर १९६१ ला ऑस्कर-१ गेला, सुमारे साडेचार किलोंचा, मोठ्या उपग्रहाच्या सोबतीनं. हौशी लोकांनी बांधलेला. मोर्समध्ये 'हाय' एवढंच म्हणायचा, आणि त्याचा वेग तापमानाप्रमाणे बदलायचा. म्हणजे तीन आठवडे जगभरचे लोक घरबसल्या उपग्रहाचं तापमान मोजत होते. दुसऱ्याच्या रॉकेटात उरलेली जागा मागून घ्यायची पद्धत तेव्हापासूनची.

आजही बरेच क्यूबसॅट १४५ किंवा ४३५ ते ४३८ मेगाहर्ट्झवर बोलतात. संगणकाला लावायचा छोटा एसडीआर (सॉफ्टवेअरवर चालणारा रेडिओ) रिसीव्हर आणि ताठ तारेची घरगुती अँटेना, एवढ्यावर बीकन, म्हणजे उपग्रह थोड्या थोड्या वेळानं पाठवतो तो ओळखीचा संदेश, ऐकू येतो. आपल्या आकाशातून जाणारी एक फेरी फार तर दहा मिनिटांची. उपग्रह सेकंदाला साडेसात किलोमीटर धावतो म्हणून ४३५ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात येताना वारंवारता सुमारे १० किलोहर्ट्झ चढलेली असते आणि जाताना तितकीच उतरते. पडद्यावर ती रेघ वळताना पाहिली की आपल्या डोक्यावरून खरंच काहीतरी गेलं याची खात्री पटते. तो आनंद मला आजही तेवढाच होतो.

---

खडूफळा

@पाणकणीस, तुमची शंका रास्त आहे. याचं उत्तर उंचीत आहे.

४०० किमीच्या आसपास, जिथे अवकाश स्थानक आहे, तिथे हवेचा अगदी पुसट अंश उरतो. पण तो क्यूबसॅटला वर्ष-दोन वर्षांत खाली ओढून जाळायला पुरतो. ५००-५५० किमीवर काही वर्षं लागतात. ८०० किमीवर गेलात तर शतकाची गोष्ट. जून २००३ मध्ये प्लेसेत्स्कहून गेलेले पहिले क्यूबसॅट साधारण त्या उंचीवर आहेत, म्हणून अजून फिरताहेत. आणि धाग्याच्या सुरुवातीला आलेला व्हॅनगार्ड-१ १९६४ मध्ये मुका झाला, पण तोही अजून वर आहे. अवकाशात टिकून असलेली ती सगळ्यात जुनी मानवी वस्तू.

ही हवा सूर्याच्या लहरीवर फुगते. फेब्रुवारी २०२२ मध्ये एका चुंबकीय वादळानं वरचं वातावरण तापून फुगलं आणि नुकत्याच सोडलेल्या ४९ स्टारलिंकपैकी ३८ उपग्रह खाली येऊन जळाले. ते अगदी खालच्या कक्षेत होते म्हणून.

धोका दुसऱ्या टोकाला आहे. १० फेब्रुवारी २००९ ला सुमारे ७९० किमीवर इरिडियम-३३ आणि निकामी कॉसमॉस-२२५१ आदळले, दोन हजारांच्या वर तुकडे नोंदवले गेले. ते दोन्ही मोठे उपग्रह होते, पण इंजिन नसलेला क्यूबसॅटही वाटेतून बाजूला होऊ शकत नाही. २०२२ मध्ये अमेरिकेच्या एफसीसी या दूरसंचार नियामकानं खालच्या कक्षेतल्या उपग्रहांसाठी काम संपल्यावर २५ ऐवजी ५ वर्षांत खाली येण्याचा नियम केला. माझ्या मते इंजिन नसलेल्या उपग्रहाला ६०० किमीच्या वर परवानगीच देऊ नये.

---

ध्रुवमत्स्य

६०० किमीबद्दल पूर्ण सहमत.

हवेच्या या ओढीचा एक चांगला वापरही सांगतो. डव्ह उपग्रहांना पुढे-मागे सरकायला इंजिन नाही. पेटीतून सगळे एका घोळक्यात बाहेर पडतात. मग काहींचे सौर पंख आडवे वळवून हवेचा अडथळा वाढवतात, काहींचे कमी ठेवतात. ज्याला जास्त अडथळा तो किंचित खाली जातो आणि खालच्या कक्षेत वेग जास्त, म्हणून तो पुढे निघतो. काही महिन्यांत घोळक्याची रांग होते.

---

पाणकणीस

@खडूफळा, आता नीट कळलं. धन्यवाद.

पृथ्वीपासून दूर जातात का हे? चंद्र, मंगळ वगैरे?

---

अवकाळी

जातात. मे २०१८ मध्ये मंगळावर उतरणाऱ्या नासाच्या इनसाइट यानाबरोबर मार्को नावाचे सहा यूचे दोन जुळे मंगळाकडे निघाले. २६ नोव्हेंबरला इनसाइट उतरत असताना त्याचे संदेश या दोघांनी जवळजवळ त्याच क्षणी पृथ्वीकडे पुढे धाडले. मंगळाभोवतीचा मोठा उपग्रह ती नोंद नंतर देणार होता. मार्को वाटेत बिघडले असते तरी इनसाइटचं काही अडलं नसतं, आणि म्हणूनच त्यांना पाठवायचं धाडस झालं.

सप्टेंबर २०२२ मध्ये नासाचं डार्ट यान डायमॉर्फस या लघुग्रहावर मुद्दाम आदळवलं. आदळणारा स्वतःचा फोटो काढणार कसा? इटलीचा लिचियाक्यूब पंधरा दिवस आधी त्यातून सुटला होता. टकरीनंतर सुमारे तीन मिनिटांनी तो जवळून गेला आणि उधळलेल्या धुळीची चित्रं पाठवली. त्याच वर्षी कॅपस्टोन हा बारा यूचा उपग्रह चंद्राभोवतीच्या एका लांबट कक्षेत पोचला, पुढच्या चांद्र स्थानकासाठी ती कक्षा तपासायला. वाटेत त्याच्याशी संपर्क तुटला होता, नंतर तो गरगरायलाही लागला, तरी सावरला.

सगळ्यांचं नशीब असं नसतं. नोव्हेंबर २०२२ च्या नासाच्या आर्टेमिस-१ या चांद्रमोहिमेबरोबर दहा क्यूबसॅट गेले, त्यातल्या अनेकांशी संपर्क झाला नाही किंवा लवकरच तुटला. उड्डाण लांबत गेलं आणि कित्येकांच्या बॅटऱ्या मधल्या काळात पुन्हा भरता आल्या नाहीत.

---

सोल्डरगन

हाच मोठ्या रॉकेटात पाहुणा म्हणून जाण्याचा तोटा. तारीख यजमानाची, कक्षाही यजमानाची. ट्रॉपिक्सला विषुववृत्ताकडे कललेली कक्षा हवी होती. बहुतेक सामायिक उड्डाणं ध्रुवांवरून जाणाऱ्या कक्षेत जातात, तिथून चक्रीवादळांवर तासाला नजर ठेवता येत नाही. म्हणून इलेक्ट्रॉनसारखं छोटं रॉकेट लागलं. इस्रोचं एसएसएलव्ही याच कामासाठी आहे, ५०० किलो ५०० किमीपर्यंत. ऑगस्ट २०२२ च्या पहिल्या उड्डाणात उपग्रह ३५६ बाय ७६ किमीच्या कक्षेत सुटले. ७६ किमीवर हवा इतकी दाट की ते टिकणं शक्यच नव्हतं. फेब्रुवारी २०२३ आणि ऑगस्ट २०२४ ची उड्डाणं मात्र यशस्वी झाली.

---

नवखा_निरीक्षक

पहिलाच प्रतिसाद. आम्ही काही मित्रमैत्रिणी कॉलेजात एक यूचा उपग्रह करायचा विचार करतोय. पेलोड म्हणून कॅमेरा ठरवला आहे. सुरुवात कुठून करावी?

---

सोल्डरगन

कॅमेरा तूर्त बाजूला ठेवा. आधी वारंवारता. आंतरराष्ट्रीय हौशी रेडिओ संघटनेकडून ती जुळवून घ्यायला आणि देशातल्या परवानग्यांना वेळ लागतो, तो अर्ज पहिल्या दिवसापासून सुरू करा. चमूतल्या दोघा-तिघांनी हौशी रेडिओचा परवाना काढा. मग टेबलावर चारच गोष्टी जोडा: बॅटरी, संगणक, रेडिओ, अँटेना. तो बीकन आठवडाभर न अडकता चालला की पेलोडचं बोलू. कॅमेऱ्याचा एक फोटो पाठवायला किती फेऱ्या लागतील याचा हिशोबही करा. हौशी पट्ट्यात ९,६०० बिट प्रति सेकंद हा नेहमीचा वेग आहे, आणि फेरी दहा मिनिटांची.

---

बिनतारी

आणि उपग्रह बांधायच्या आधी ग्राउंड स्टेशन बांधा. दुसऱ्यांचे क्यूबसॅट ऐका, त्यांची टेलिमेट्री, म्हणजे ते स्वतःच्या तब्येतीची पाठवतात ती माहिती, उलगडा. सॅटनॉग्ज नावाचं खुलं जाळं आहे, जगभरच्या हौशी लोकांची स्टेशनं त्याला जोडलेली आहेत. तुमचं स्टेशन त्यात जोडलंत की उद्या तुमचा उपग्रह दुसऱ्या खंडावर असतानाही कुणाच्या तरी अँटेनावर ऐकू येईल. पहिल्या वेळी क्षितिजापासून चाळीस अंशांच्या वर चढणारी फेरी निवडा, खालच्या फेऱ्यांत इमारती आड येतात. अँटेनाची मापं हवी असतील तर इथेच विचारा, लिहून देईन.